वेशीवरचे दगड बागेत नेण्याआधी : गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
गावोगावच्या मंदिर जीर्णोद्धार समित्या आणि ग्रामपंचायती
(आमच्या गावची समिती त्यात पहिली)

विषय : वेशीवरचे, माळावरचे, बांधावरचे जुने कोरीव दगड उचलून एका जागी मांडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांच्याविषयी तक्रार आहे ती सगळी आमच्याच भावकीतली, आळीतली माणसं आहेत, उद्या लग्नाकार्यात समोर बसायचंय. शिवाय आमच्याकडे जे झालं ते काही जगावेगळं नाही. घाटावर कुठल्याही तालुक्यात चार गावं फिरा, नव्या रंगवलेल्या देवळाच्या कंपाउंडला टेकवून ठेवलेले असेच दगड दिसतील. म्हणून पत्र आमच्या समितीला असलं तरी वाचावं सगळ्यांनी.

झालं असं. महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, वर्गणी जमली, निधीही मिळाला, काम पार पडलं. उरलेल्या पैशांत पटांगणात 'वारसा उद्यान' करायचं ठरलं. वेशीजवळचे सहा वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), माळावरची सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड) आणि आमच्या बांधावरचा गधेगाळ (दानाच्या जमिनीवरचा, गाढवाची शिवी कोरलेला दगड) जेसीबीने उचलून आणला, पेव्हर ब्लॉकच्या कडेला सिमेंटमध्ये ओळीने रोवला आणि वरून सगळ्यांना चंदेरी ऑइलपेंट दिला. ओढ्याकाठचे दोन वीरगळ तेवढे अजून जागेवर आहेत. यात्रेच्या आत तेही आणायचे, असा ठराव झाल्याचं कळलं. तो ठराव झाला नसता तर कदाचित मी गप्पच बसलो असतो, कारण झालेलं परत फिरवणं अवघड असतं. पण हे दोन अजून वाचवता येतील.

आधी माझा यात संबंध काय ते सांगतो. आमच्या शेताच्या वरच्या तुकड्याला सगळं गाव 'गाढवाची पट्टी' म्हणतं. बाहेरचा कुणी हसला की आजोबा त्याला बांधापर्यंत घेऊन जायचे आणि दगड दाखवायचे. वर चंद्र-सूर्य, मधे घासून गेलेली कोरी जागा, खाली गाढव आणि बाई. ज्यांना हा दगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : शिलाहार आणि यादव राजघराण्यांच्या काळात, म्हणजे साधारण सातशे ते हजार वर्षांपूर्वी, राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने देवळाला, मठाला, कुणा माणसाला जमीन दान दिली, की तिथे असा दगड उभा करत. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावं, आणि जो कुणी ते मोडेल त्याच्या आईला ही गत, अशी ती शिवी. मुंबईत परळला सापडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या शिलालेखात वरचा मजकूर संस्कृतात आहे, पण शिवी मराठीत आहे. धमकी ज्याला द्यायची त्याला ती कळायला हवी ना! शिवी बाईच्या अंगावरून जाते, हे मला मुळीच गौरवाचं वाटत नाही. पण ती काय सांगायला कोरली हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर रागावताही येत नाही.

बांधावर तो दगड होता तेव्हा त्याचा अर्थ होता : इथून पुढची जमीन दानाची. मधला लेख झिजून गेला होता, कुणालाही अक्षर लागत नव्हतं, तरी हे एवढं तो सांगत होता, कारण तो तिथे उभा होता. आज तो पटांगणात आहे. आणि कसा आहे? देवळात बायाबापड्या येतात, वाईट दिसतं, म्हणून कोरलेली बाजू भिंतीकडे करून रोवलाय. गावकऱ्यांना त्याची चंदेरी पाठ दिसते. दानाची जमीन कुठून सुरू व्हायची हे आता कुणी सांगू शकणार नाही, आणि 'गाढवाची पट्टी' हे नुसतंच चेष्टेचं नाव होऊन राहील.

ही पहिली तक्रार, आणि ती माझ्या घरची आहे म्हणून आधी लिहिली. दुसरी त्याहून मोठी आहे.

वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यात खालच्या पट्टीत वीर पडलेला असतो, लढाई असते, बऱ्याच ठिकाणी गायी असतात. मधे अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. वरचे टप्पे जवळजवळ सगळ्या वीरगळांवर सारखे. मेल्यावर प्रत्येक वीर कैलासाला जातो, त्यात वेगळं काय दाखवणार? वेगळेपण असतं ते खालच्या पट्टीत. माणूस कशाने मेला ते तिथेच कळतं.

आमच्या गवंड्याने दगड पक्का बसावा म्हणून तीच पट्टी सिमेंटात गाडली. सहाही दगडांची.

वेशीजवळच्या पहिल्या वीरगळाच्या तळाशी गायी होत्या. एकीची मान मागे वळलेली, आणि ओळीच्या टोकाला धनुष्य ओढलेला माणूस. लहानपणी आम्ही त्यांच्या पाठीवरून बोट फिरवत मोजायचो, कितीदा मोजल्या तरी भांडण ठरलेलं, कारण शेवटची गाय अर्धी फुटलेली होती. म्हणजे हा माणूस गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. गोधन हीच ज्या काळातली संपत्ती, त्या काळात गुरांसाठी मेलेल्या माणसाचा दगड वेशीवर उभा करायचा यात सगळ्या गावाचं ऋण होतं. आता जमिनीच्या वर राहिलाय तो हात जोडून लिंगापुढे बसलेला एक माणूस. समोर ग्रॅनाइटची पाटी : 'शिवकालीन शिवभक्त योद्धे. परकीय आक्रमकांशी लढताना वीरमरण.'

कुठून आलं हे? आपल्याकडचे बहुतेक वीरगळ शिलाहार-यादव काळाच्या आगेमागे उभे राहिलेले. नंतरचेही आहेत, नाही असं नाही, पण आमच्या सहांपैकी एकावरही एक अक्षर कोरलेलं नव्हतं, मग शिवकाळ कुणी ठरवला? आणि परकीय आक्रमक? गुरं पळवणारे बहुधा शेजारच्याच मुलखातले असणार. दगड जागेवर आणि पुरा उभा असता तर पाटी लिहिणाऱ्याला गायी दिसल्या असत्या. त्या गाडल्या, मग त्या जागी आपल्या मनातला शत्रू बसवायला वाट मोकळी झाली. समितीतल्या कुणी हे वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. पाटी करणाऱ्याने विचारलं, काय लिहू, आणि कुणीतरी जे चांगलं वाटलं ते सांगितलं, इतकंच. पण आता शाळेची सहल येते आणि पोरं ते वहीत उतरवून घेतात.

कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतात : कोण, कुणासाठी, कुठल्या राजाच्या अमलात. आपल्याकडे लेख असलेला वीरगळ विरळा. म्हणूनच आपल्या दगडांची जागा हाच त्यांचा लेख. वेशीत आहे, खिंडीत आहे, ओढ्याच्या उताराला आहे, एकटा आहे की सहा जण खांद्याला खांदा लावून आहेत, तोंड कुणीकडे आहे, यावरून जेवढं कळेल तेवढंच. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांवर जहाजांची लढाई कोरलीय. ते पुष्कळ झिजलेत. तरीही अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकातल्या यादव आणि शिलाहारांच्या लढाईशी जोडू शकतात. कोरीवकामाची धाटणी हे एक कारण, आणि ते दगड खाडीकाठच्या मुलखात, शिलाहारांच्या कोकणात उभे आहेत हे दुसरं. तेच दगड कुणी चारशे किलोमीटर आत नेऊन उद्यानात मांडले असते, तर जहाजं बघून आपण काय अर्थ लावला असता?

सातबारावरचा गट नंबर खोडून टाकला आणि खालचं क्षेत्र, पीकपाणी सगळं तसंच ठेवलं, तर त्या कागदाला तलाठी विचारेल का? तुम्ही दगडांचा गट नंबर खोडलाय.

'दगड तोच आहे ना, आम्ही कुठे फोडला?' असं अध्यक्ष मला फोनवर म्हणाले. प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो, आणि आपल्याच मातीतल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली दायमाबादची. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावर. १९७४ साली तिथे झाडाचं खोड-मूळ खणून काढताना गावातल्या एका माणसाला चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या : दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा, रेडा. भरीव ओतीव काम, सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतीय पुरातत्त्वातलं असं घबाड क्वचित लागतं. पण त्या वस्तू उत्खननात, थराथराने खणताना मिळाल्या नाहीत. नेमक्या कुठल्या थरात होत्या, शेजारी कसली भांडी होती, हे नोंदलं जायच्या आत त्या बाहेर आल्या. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी पंचाईत ती पंचाईतच. त्या उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या की पार नंतरच्या, यावर मोठमोठे अभ्यासक भांडले, धातूत आर्सेनिक किती आहे ते तपासून बघितलं, आणि अजूनही सगळ्यांचं एकमत नाही. मूळ खणणाऱ्याचा यात काहीच दोष नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत खाली काय आहे ते. आपल्याला मात्र माहीत आहे.

दुसरी गोष्ट इनामगावची. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी पुरलेली मिळाली. डबीत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, डबीवर डोकं असलेली दुसरी, आणि जोडीला मातीचाच बैल. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. वस्तू म्हणाल तर ओबडधोबड मातीचे गोळे, बाजारात कुणी फुकट नेणार नाही. पण घराखाली, डबीत, झाकण लावून पुरलेले मिळाले म्हणून घरातल्या कुठल्याशा देवीचा विधी डोळ्यांपुढे येतो. तेच तुकडे सुटे सुटे नांगराच्या फाळाला लागून वर आले असते तर आपण म्हणालो असतो, पोरांची खेळणी.

साठ किलो ब्राँझचं नक्की वय सांगता येत नाही आणि मुठीएवढ्या मातीतून घरातली देवी उभी राहते. फरक कुठे पडला ते समितीने बघावं.

लेख कोरलेला असला तरी हे सुटत नाही बरं का. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ आहे, हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. चावुंडराजाने करवलं. काय करवलं? ओळीत नाही. मान वर केली की उत्तर मिळतं, जवळपास साठ फुटांचं. तो दगडाचा तुकडा कापून कुठे काचेत ठेवला तर वाक्य तिथल्या तिथे लुळं पडेल. आणखी गंमत पुढे आहे. तिथेच दुसरी ओळ आहे, गंगराजाने 'सुत्ताले' म्हणजे भोवतालची ओवरी करवल्याची. चावुंडराजाची मूर्ती दहाव्या शतकाच्या शेवटची, गंगराज होयसळांचा सेनापती, बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे गंगराजाच्या काळात कोरल्या असं मानणारे अभ्यासक आहेत. एकटी पहिली ओळ वाचली तर ती मूर्तीच्या वयाची वाटते. शेजारची वाचली की तिचं वय शंभरावर वर्षांनी खाली येतं. मराठीतला पहिला लेख कोणता या वादात त्या शेजारच्या ओळीचं केवढं वजन आहे बघा.

आणि आक्षी. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचं. तिथला लेखाचा दगड हाही गधेगाळच, आमच्या बांधावरच्यासारखा, फक्त अक्षरं टिकलेली. जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावरचं वर्ष शके ९३४ वाचलं, म्हणजे इसवी सन १०१२. लेखात केसीदेवरायाचं नाव आहे आणि शिलाहारांत केशिदेव एकाहून अधिक झाले. त्यामुळे हा कोणता, वर्षाचे आकडे तसेच वाचायचे का, यावर वाद होतात. असा महत्त्वाचा दगड कित्येक वर्षं रस्त्याकडेला ऊनपाऊस खात होता, ही लाज आपल्या सगळ्यांचीच. पण तो आक्षीतच राहिला. म्हणून निदान 'पश्चिम समुद्राचा अधिपती' असं स्वतःला म्हणवणाऱ्या राजाचा लेख समुद्राच्या हाकेच्या अंतरावर उभा होता, एवढं तरी निर्विवाद राहिलं.

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक आहे आणि निम्मी पटतेही.

दगडांवर धुणी धुवायचे, गुरं बांधायचे, कोंबड्या शिवायच्या. खरं आहे. रस्ता रुंद करताना ठेकेदाराने दोन दगड मोरीच्या भरावात घातले, तेव्हा कुणी आडवं गेलं नाही. तेही खरं. मूर्ती चोरीला जातात, उघड्यावर ठेवायच्या कशा, हा प्रश्नही रास्त. त्या मानाने समितीने निदान दगडांना दगडाच्या वर काहीतरी मानलं, कष्टाचे पैसे घातले. गावात पुष्कळांना वारसा हा शब्दच या निमित्ताने तोंडात आला. त्याबद्दल मनापासून आभार, उपरोध नाही.

पण चोर येतील म्हणून दागिने कुठल्या पेटीत होते त्याची यादी आपण फाडत नाही. हलवायचाच होता तर हलवण्याआधी एक सकाळ कुणी फोटो काढायला हवे होते. ते झालं नाही, आणि माझी तिसरी तक्रार हीच. आठ दगड उचलले आणि कुठला कुठून आणला याची ओळभरही नोंद नाही. जेसीबीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, एकदमच ट्रॉलीत भरले. सहा वीरगळ वेशीत ज्या क्रमाने होते त्या क्रमाने लावलेत का? नाही. उंचीप्रमाणे लावलेत, मधे मोठा, बाजूला लहान, फोटोत बरे दिसतात म्हणून. एका लढाईत पडलेले की वेगवेगळ्या पिढ्यांतले, हे क्रमावरून कळण्याची जी काही शक्यता होती ती उंचीच्या क्रमात संपली. सतीशिळेचंही तसंच. कोपरात वाकलेला हात, मनगटात चुडा. ती माळावर होती आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एकटा वीरगळ होता. तो ह्या बाईचा नवरा असावा, असं म्हातारी माणसं म्हणायची. खरं-खोटं कोण जाणे, पण दोन दगड एकमेकांकडे तोंड करून उभे होते एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. मोरीत गेलेल्या दोनांपैकी एक तो वीरगळ. आता ती शिळा सहा परक्या वीरांच्या रांगेत शेवटी आहे.

चौथी तक्रार रंगाची. ऑइलपेंटखाली दगडाचा श्वास कोंडतो, ओल आत राहते, पापुद्रे सुटतात, हे सगळं तुम्हाला कुणीही जाणकार सांगेल, मी वाढवत नाही. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. काही उत्साही मंडळी शेंदूर खरवडून 'मूळ स्वरूप' बाहेर काढायला निघालीत, तारेचा ब्रश आणि अॅसिड घेऊन. ओढ्याकाठच्या दोहोंपैकी एकाला वाघोबा म्हणून शेंदूर लागतो, पोळ्याला गुराख्यांचा नारळ फुटतो. मूळचा वीर कोण होता हे विसरल्यावर गावाने त्याला देव केला, हीसुद्धा त्या दगडाची हकीकतच आहे. शेंदूर ओढ्याकाठी लागतो तेव्हा तो वाघोबा असतो, कारण पूर्वी तिथे रान होतं आणि जनावर पाण्याला यायचं. पटांगणात आणून चंदेरी रंग दिल्यावर पोळ्याला नारळ कुठे फोडायचा, ते समितीने त्या गुराख्यांना विचारलंय का?

दामोदर कोसंबी पेशाने गणिती, पण पुण्याभोवतीच्या टेकड्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या. गावाबाहेरची मातृदेवतांची ठाणी, शेंदूर लावलेले तांदळे (देव म्हणून पुजलेले बिनघडीव दगड) कुठे कुठे आहेत ते बघत गेले, आणि त्यातल्या कित्येक ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारं मिळाली. म्हणजे धनगर-मेंढके ज्या वाटांनी फिरत होते त्या वाटा आणि ही ठाणी यांचा हजारो वर्षांचा संबंध असावा, असं त्यांनी मांडलं. कार्ल्याच्या लेण्यासारखी ठिकाणं अशा जुन्या वाटांच्या जवळ का, याचाही विचार केला. हे सगळं जुळलं कशावरून? देवी जिथल्या तिथे होत्या म्हणून. सोयीसाठी सगळ्या देवी आधीच गावात आणून टाइल्स लावलेल्या देवळात बसवल्या असत्या, तर कोसंबींना टेकडीवर नुसत्या गारगोट्या मिळाल्या असत्या.

आता मागण्या. वाकड्यात शिरत नाही, जमेल तेवढंच मागतो.

ओढ्याकाठचे दोन दगड हलवण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत मागे घ्यावा. संरक्षण हवं असेल तर तिथेच चौथरा न बांधता नुसतं कुंपण घाला, लोखंडी अँगल आणि जाळी. त्याचा खर्च आमचं घर देईल.

उद्यानातल्या सहा वीरगळांच्या खालच्या पट्ट्या सिमेंटातून मोकळ्या कराव्यात. पण हे काम गवंड्याकडून छिन्नी-हातोड्याने नको. राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे रीतसर अर्ज करून जाणकार माणूस आल्याखेरीज हात लावू नये. त्याला सहा महिने लागले तर लागू देत, दगड सातशे-आठशे वर्षं थांबलेत.

गधेगाळ आमच्या बांधावर परत द्यावा, होता त्या कोपऱ्यात, होतं त्या बाजूला तोंड करून. कोपरा मी दाखवतो, खड्डा अजून बुजलेला नाही. पटांगणात ज्यांना तो बघवत नाही त्यांना माझ्या बांधावर यायची सक्ती नाही.

ग्रॅनाइटची पाटी काढून टाकावी. नवी लावायची तर इतकंच लिहावं : वीरगळ, सहा, गावच्या पूर्वेकडच्या वेशीतून अमुक साली येथे आणले. काळ माहीत नाही तर माहीत नाही. शत्रू तर मुळीच लिहू नये.

वेशीतला मूळ क्रम ज्यांना आठवतो अशी माणसं गावात अजून आहेत. त्यांना एकत्र बसवून जेवढं आठवतं तेवढं लिहून घ्यावं. जुन्या लग्नांचे, वरातींचे फोटो घराघरांत असतील, वेशीत नवरदेव घोड्यावर आणि मागे दगड. ते मागवावेत. मी माझ्याकडचे दोन दिलेत.

बाकीच्या गावांतल्या समित्यांना आणि ग्रामपंचायतींना एवढंच मागणं आहे की दगडाला दोरखंड लावण्याआधी त्याची नोंद करा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा शिलालेख १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो, आणि जमिनीत काही सापडलं तर १८७८ पासूनचा कायदा सांगतो की जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. पण कायद्याचं भय घालायला मी लिहीत नाही. आपल्या वेशीतले दगड बहुतेक कुठल्याच संरक्षित यादीत नसतात, त्यांची यादी गावानेच करायची असते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. चारी बाजूंनी फोटो, एक फोटो लांबून, म्हणजे भोवतालची झाडं, देऊळ, रस्ता दिसेल असा. नकाशावरचा ठिपका. तोंड कोणत्या दिशेला, जमिनीवर किती, शेजारी काय, शेताला नाव काय, त्या दगडाला लोक काय म्हणतात, कुठल्या सणाला काय वाहतात. दहा-बारा ओळी होतील. त्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढवा. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, सहलीपेक्षा बरं. धरण, रस्ता, कालवा अशा कारणाने हलवणं भागच असेल, तर ही नोंद झाल्यावरच हलवा आणि तिची एक प्रत दगडाजवळ लावा.

ज्या कामाला सरकारी निधी येतो त्या अंदाजपत्रकात ही नोंद हे पहिलं कलम असावं आणि त्याशिवाय पहिला हप्ता सुटू नये, ही मागणी मी आमदार, जिल्हा परिषद आणि पुरातत्त्व खात्याकडे वेगळ्या अर्जाने केली आहे. समित्यांनीही आपापल्या लेटरहेडवर ती करावी, एका माणसाच्या अर्जाला कुणी विचारत नाही.

ग्रामसभेला मी येतोय. मला दहा मिनिटं बोलायला मिळावीत, आणि मी बोलताना अध्यक्षांनी फोन बाजूला ठेवावा, ही विनंती. त्यानंतर ठराव मताला टाका. माझ्या विरोधात गेला तरी ओढ्याकाठच्या दोन्ही दगडांची नोंद करायला मी फोटोवाला घेऊन आलेला असेन. ती होईपर्यंत ट्रॉली थांबवावी.

आपला,
गाढवाच्या पट्टीवाल्यांपैकी एक
हल्ली मुक्काम पिंपरी-चिंचवड